गोरखभाऊंची एक सीट

पवनानगरच्या स्टँडवरच्या जीप तुम्ही पाहिल्या असतील, तर गोरखभाऊंचं काम तुम्ही पाहिलेलं आहे. मागच्या दारावर मोर, त्याखाली पिवळ्या अक्षरात ‘पवनामाई’ आणि उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘गोरख आर्ट्स’ आणि मोबाइल नंबर. पुढे ब्रश गेला, फ्लेक्स आला. भाऊ टाकवे बुद्रुकहून रोज कामशेतच्या दुकानात येऊन कॉम्प्युटरसमोर बसू लागले, पण नंबर सुटला नाही. वाढदिवस असो, श्रद्धांजली असो की क्रिकेटचे सामने, बोर्डाच्या कोपऱ्यात भाऊ असायचेच.

मी नीरजा, लोणावळ्याची. तळेगावची नोकरी सोडून दोन वर्षं एकटीने एक व्हिडिओ गेम केला, ‘शेवटची जीप’. दिवसाची शेवटची जीप पवना धरणाला वळसा घालून न्यायची. आत अकरा माणसं. कुठं उतरायचं ते कुणी सांगत नाही. त्यांच्या गप्पांवरून ओळखायचं आणि धुकं उतरायच्या आत ज्याला त्याला आपापल्या गावी सोडायचं. गेम चांगला आहे, हे मी निर्लज्जपणे सांगते. पण ऑनलाइन दुकानात त्याचं पान चार महिने नुसतं पडून होतं. पानाचं चित्र हजारो लोकांसमोरून गेलं आणि थांबले अठरा. त्यात एक मी आणि दोन माझे आईबाप.

आता त्या दुकानाचा नव्या गेमांचा मेळा येत होता. एका गेमला त्यात जन्मात एकदाच शिरता येतं. नवं चित्र आणि नवा मजकूर गुरुवारी दुपारी साडेबारापर्यंत मंजुरीला गेला नाही तर दार बंद. मेळा हुकला तर गेम मेला आणि मी मान खाली घालून जुन्या साहेबांच्या केबिनमध्ये, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी गोरखभाऊंकडे गेले. ऑनलाइन दुकानातली चित्रं फोनवर अंगठ्याएवढी दिसतात आणि बघणारा बोट सरकवत पुढे पळत असतो. पळत्या जीपवरचं पळत्या माणसाला वाचायला लावणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता.

त्यांनी आधी माझा मजकूर वाचला. ‘पवना धरणाच्या निसर्गरम्य परिसरात घडणारी ही हृदयस्पर्शी कथा...’ इथवर येऊन त्यांनी चष्मा काढला.

“ताई, ही तर निमंत्रणपत्रिका झाली. स्टँडवर गाडीवाला आसं वरडतो व्हय?”

“मग कसं ओरडतो?”

“एक सीट, एक सीट! गाडीत मुंगी शिरायला जागा नसंल, तरी त्यो एक सीटच वरडनार. मानूस थांबतोच.”

माझ्या सहा ओळी तिथेच गेल्या. पानाची पहिली ओळ ठरली: ‘एक सीट राहिली आहे. बसताय?’

मजकूर असा चुटकीसरशी झाला, म्हणून मी गाफील राहिले. चित्र सोमवारी आलं. त्यात जीप, धरण, तुंग-तिकोना हे किल्ले आणि अकराच्या अकरा चेहरे होते, खालच्या ओळीत गोल चौकटींत, फ्लेक्सवर शुभेच्छुक असतात तसे. फोनवर ते लहान करून पाहिलं तर रांगोळीत कुणाचा तरी पाय पडलेला.

“भाऊ, एक चेहरा ठेवा. फार तर दोन.”

“कुनाला काडू?”

“कुणालाही काढा!”

“ते न्हाई जमायचं.”

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी एका वाढदिवसाच्या बोर्डावर जागा पुरेना, म्हणून त्यांनी एका पाहुण्याचा फोटो गाळला. सकाळी बोर्ड उभा फाडलेला. भाऊ नारळ घेऊन त्या पाहुण्याच्या दारात तासभर उभे राहिले आणि तो आतून बाहेर आला नाही. त्या गावातलं काम त्या दिवसापासून बंद झालं.

“तुमची मानसं खोटी आसतील ताई. पर काडलेला मानूस इसरत न्हाई.”

तीन दिवस उरले होते आणि मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते. माझं तोंड सुटलं. “मग सगळ्यांनाच काढा! कुणी नकोच त्यात!” म्हणून मी तरातरा निघून आले. घरापर्यंत गाडी चालवताना मला स्वतःचाच राग येत होता.

भाऊंनी ते रागातलं बोलणं शब्दशः घेतलं. मंगळवारी दुपारी चित्र आलं. जीपच्या आतला काळोख, मागच्या दारातून येणारा उजेडाचा एक पट्टा आणि त्या पट्ट्यात मरून रेक्झिनची एक रिकामी सीट. कडेला फक्त एक हात, सीटवर थाप मारणारा. वर गेमचं नाव. अंगठ्याएवढं केलं तरी सीट दिसत होती आणि बसावंसं वाटत होतं. मी तिथल्या तिथे रडले. संध्याकाळी चित्र मंजुरीला गेलं.

गुरुवार उजाडला. गुरुवार म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार. सव्वाअकराला ऑनलाइन दुकानाचं उत्तर आलं. चित्र नामंजूर. कारण, चित्रात गेमच्या नावाखेरीज इतर मजकूर आहे. तो काढून साडेबाराच्या आत पुन्हा पाठवा.

कुठला मजकूर? मी चित्र ताणून ताणून पाहिलं. हात, सीट, काळोख. मजकूर नव्हताच. भाऊंना चार फोन केले, एकही उचलला नाही. लाईट गेलेलीच होती आणि लॅपटॉपची बॅटरी वीस टक्क्यांवर आली होती. तो पाठीला मारून मी स्कूटर काढली. कार्ल्याच्या फाट्यावर ट्रॅफिक तुंबलेलं. सहलीला आलेली एक गाडी आडवी घालून लोक फोटो काढत होते. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

कामशेतला पोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. तिथेही लाईट नव्हती. दुकानात अंधार, कॉम्प्युटर बंद, भाऊ समोरच्या खांबावर शिडी लावून बोर्ड बांधत होते.

“भाऊ, चित्रात काय लिहिलंय तुम्ही?”

“काय न्हाई.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. त्यांचा चेहरा पडला. “नंबर.”

“कुठं?”

“शिवणीत.”

त्यांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं तेव्हा दिसलं. सीटच्या उजव्या कोपऱ्यात, शिवणीच्या टाक्यांमध्ये, मरूनवर गडद मरून, दहा आकडे.

“मुद्दाम न्हाई केलं, ताई. हातच जातो तितं.”

“तुमचा नंबर कोण बघणार आहे तिथं?” मी भर रस्त्यात ओरडले. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. “कोण फोन करणार आहे तुम्हाला? माझी दोन वर्षं घालवलीत!”

भाऊ दुकानाच्या फळीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एकेक आकडा खोडू लागले. बॅटरी अकरा टक्के. मी म्हटलं, नुसता रंग फासा. त्यांनी मान हलवली. प्रत्येक आकड्याच्या जागी ते टाका भरत होते, नाहीतर शिवण उसवलेली दिसली असती. बारा सतरा. बारा बावीस. माझ्या फोनच्या नेटवर चित्र चढायला लागलं आणि नव्वद टक्क्यांवर अडकलं. मी फोन डोक्यावर धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. बारा सत्तावीसला ‘मिळालं’ असा निरोप आला. लॅपटॉप तेवढ्यात बंद पडला.

मी रस्त्यातून बाजूला झाले. भाऊंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाले, “बोर्ड कुनाचा बी असू द्या ताई, वर सायबाचा फोटू असतो. खाली आमी असतो, येवडंच.”

मला माझी लाज वाटली. इतकी, की माफीसुद्धा मागता येईना.

मंजुरी संध्याकाळी आली. गेममध्ये बदल करायला मेळ्यापर्यंत अजून चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कामशेतला गेले आणि म्हटलं, “भाऊ, गेमच्या आत पवनानगरचा स्टँड आहे. त्याची भिंत कोरी आहे, ती रंगवून द्या. आणि खाली नंबर टाका.”

“चालतंय का तितं?”

“तिथे माझं राज्य आहे.”

भाऊंनी मोर काढला. त्या भिंतीपुढे गाडीवाला ‘एक सीट, एक सीट!’ ओरडतो, तेही मी त्याच दिवशी गेममध्ये घातलं. नंबर मात्र मुंगीएवढाच काढला. मी मोठा करा म्हटलं, तर म्हणाले, बघनारा बघतो.

मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

“ताई, आत्ता एक फोन आलता. लय लांबचा नंबर. मानूस आपला न्हाई, मराठी यीना त्याला. दोनच शब्द बोलला. एक सीट?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हननार? म्हनलं, हाय की. बसा.”