गिफ्ट म्हणजे विष

वामनसरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या लग्नात आहेर केला नाही. रिकाम्या हातांनी यायचे, पहिल्या पंगतीला बसायचे आणि जिलबी चावता चावता शेजारच्याला विचारायचे, "जर्मनीत गिफ्ट म्हणजे काय, माहितीये? विष!" फैजपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. जर्मनी नकाशावरसुद्धा धड दाखवता आली नसती त्यांना. पण कुठल्याशा जाडजूड डिक्शनरीत हा एक शब्द सापडला आणि त्याच्यावर गड्याने अख्खी नोकरी काढली. डच लोक विषाला 'गिफ' म्हणतात. स्वीडनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि लग्न झालेलाही. काय उपयोग, सांगा!

माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या लग्नात कुणा शहाण्याने त्यांच्या हाती माईक दिला. आम्ही दिलेला प्रेशर कुकर समोरच मांडला होता. सरांनी त्याच्याकडे बोट केलं. "इंग्रज याला गिफ्ट म्हणेल, जर्मन म्हणेल विष! आणि हुंड्याला जर्मन काय म्हणतो? मिटगिफ्ट! विष तिथेही आहेच!" मांडव हसला. मंगलची सासू हसली नाही.

भडगावला, मंगलच्या सासरी, पहिल्याच आठवड्यात त्या कुकरमधलं वरण खाऊन सासऱ्यांना उलट्या झाल्या. म्हाताऱ्याने लग्नातले शिळे लाडू चापले होते, पण हे बोलणार कोण? सासूने कुकर गोठ्यात नेऊन टाकला. "तुमना सरनीच सांगं ना, यामा इख शे!" तिच्या अहिराणीत इख म्हणजे विष. मंगलने तो परत आणून घासला. म्हणाली, "मी आधी खाते, मग तुम्ही खा." तेव्हापासून नवी नवरी सगळ्यांसमोर पहिला घास खाऊन दाखवू लागली. रोज.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, "एकदा भडगावला चला, मस्करी केली होती म्हणून सांगा." तर म्हणाले, "मस्करी कसली? डिक्शनरी काढू का? शब्द खरा तो खरा." तीच डिक्शनरी त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली. माझ्या बहिणीचा संसार पणाला लागलाय आणि या माणसाला स्वीडनची काळजी!

पुढे परीक्षेच्या कामाने सर भडगावला गेले आणि नेमके जेवणाच्या वेळेला मंगलच्या दारात उगवले. तिने पान वाढलं. सासू उंबऱ्यात उभी होती. मंगलने वरणभाताचा घास आधी स्वतःच्या तोंडात घातला.

"हे काय गं, पाहुण्याच्या आधी?"

"विष आहे का ते बघते, सर."

सर पोट धरून हसले. "वा! कुणी शिकवलं गं तुला हे?" म्हणाले आणि वाटी पुढे केली.