तपकिरी कुरव

कोपरीच्या शाळेत नवा नवा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा खाडीवरच्या पक्ष्यांचा एक तक्ता मी हौसेने रंगवला होता. दोन रविवार मिठागराच्या बांधावर बसून. त्यात कुरव दोन होते: एक पांढरा, राखाडी पाठीचा, दुसरा अंगभर तपकिरी ठिपक्यांचा. खाली ठसठशीत अक्षरांत मी दोन वेगळ्या जाती लिहिल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली आणि माझे पाय जमिनीवर राहिनात.

तिसरीत मिठागरात राबणाऱ्या एका माणसाची मुलगी होती. तक्ता शिकवत होतो, तर ती मध्येच उठून म्हणाली, “गुरुजी, तो तपकिरी या पांढऱ्यांचाच पोर हाय. पिसा गलली का पांढरा व्हईल.”

वर्ग हसला. मीही हसलो. “शहाणीच आहेस! तूच शिकव मग,” असंही म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण पाटीवरही तिने तेच लिहिलं, आणि माझं डोकं फिरलं. तिच्याच हाताने मी ते पुसायला लावलं आणि ‘तपकिरी कुरव ही वेगळी जात आहे’ हे माझं वाक्य दहा वेळा लिहून घेतलं. त्याची लाज आज इतक्या वर्षांनीही जात नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याच बांधावर एक मोठा कुरव अगदी जवळ येऊन बसला. पंख तपकिरी ठिपक्यांचे, शेपटीला काळा पट्टा. पण पाठीवर मधूनमधून राखाडी पिसं फुटलेली. शेजारच्या पांढऱ्याच्या पाठीची असावीत तशीच. जुनी गळत होती, नवी येत होती. मी तक्ता रंगवला होता, पक्षी पाहिलाच नव्हता. ती पोर मात्र बापाची भाकरी घेऊन रोज या बांधावरून जायची.

वर्ग आता चौथीत, पण माझ्याकडेच होता. खरं काय ते तिच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवायचं, असं मी ठरवलं. सोमवारी तिला उभं केलं, तपकिरी कुरवावर छडी टेकवली आणि हसून विचारलं, “सांग बरं, हा कोण?”

तिने आधी छडीकडे पाहिलं. मग हाताची घडी घालून, एकही अक्षर न चुकता म्हणाली, “तपकिरी कुरव ही वेगळी जात आहे, गुरुजी.”

“अगं, चूक आहे ते,” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिने दप्तरातली पाटी काढली. “किती वेला लिवू, गुरुजी?”