मागच्या दाराची काच

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगायला मला वेळ लागतो. ही घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. गुन्हा कागदावर अगदी साधा होता. उभ्या मोटारीची काच फोडून आतली बॅग चोरणे.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गोदाघाटाचा काही भाग आमच्या हद्दीत येई. घाटाच्या ठाण्याला बाहेरगावच्या माणसांची सवय असते. कुणाचं पाकीट जातं, कुणाचा मोबाइल, कुणाची म्हातारी आई गर्दीत चुकते. या लोकांना संध्याकाळपर्यंत गाव गाठायचं असतं, म्हणून निम्मे जण फिर्याद न देताच निघून जातात. चोरांना हे आमच्याइतकंच ठाऊक असतं.

त्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराने मला केबिनमधून बोलावून घेतलं. असं तो क्वचितच करी. त्याच्यासमोरच्या बाकावर धोतर-टोपीतला एक वृद्ध गृहस्थ आणि त्याच्याशेजारी तिशीच्या आतबाहेरची एक बाई बसली होती. बाईच्या पंजाबी ड्रेसच्या ओढणीला काचेचे बारीक चौकोनी दाणे चिकटलेले होते. मोटारीच्या बाजूची काच फुटली की तिचे असेच दाणे होतात, धारदार तुकडे होत नाहीत.

"साहेब, बॅग गेली आहे. पण आत काय होतं ते बाबा सांगत नाहीत," अंमलदार म्हणाला.

मी वृद्धासमोर खुर्ची ओढून बसलो. "बाबा, बॅगेत काय होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मना पोऱ्या शे त्यामा, साहेब."

बागलाणाकडची अहिराणी मला समजत होती, तरी त्याचा मुलगा बॅगेत कसा, हे क्षणभर डोक्यात शिरलं नाही. मग बाईने सांगितलं, "माझे मिस्टर. त्यांच्या अस्थी होत्या."

हळूहळू सगळं कळलं. हे लोक नामपूरचे. वृद्धाचं आयुष्य तिथल्या कांदा बाजारात मापारी म्हणून, मालाचं वजन करण्यात गेलेलं. एकुलता मुलगा शिकला, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर झाला, नाशिकला भाड्याने राहू लागला. छोटी मोटार घेतली. मग मूत्रपिंडाचा आजार निघाला आणि वर्षभरात तो गेला. शेवटचे दिवस त्याने गावी काढले. सून आणि सासरा त्याच्याच गाडीतून त्याच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. गाडी सून चालवत होती. आधी तीर्थोपाध्यायांच्या घरी जाऊन वेळ विचारावी म्हणून दोघं गेली. अस्थी घेऊन कुणाच्या घरात जायचं नसतं, म्हणून कलश गाडीतच ठेवला. परत आली तेव्हा मागच्या दाराची काच फुटलेली होती.

"कलश वाटेत सांडू नये म्हणून त्यांच्या ऑफिसच्या सॅकमध्ये ठेवला होता," बाई म्हणाली. "लॅपटॉपची काळी सॅक. रोज तीच न्यायचे ते."

चोर कशाला भुलला हे सांगायला तपास लागत नव्हता.

मी स्वतः घटनास्थळी गेलो. पंचनामा झाला, सीटवरचे काचेचे दाणे पिशवीत घेऊन सील केले. घाटावरच्या कॅमेऱ्यात हेल्मेट घातलेला एक माणूस दुचाकीवरून सॅक नेताना दिसला, पण नंबर प्लेट वाकवलेली होती. मी दोन पथकं लावली. कचराकुंड्या, घाटाच्या पायऱ्या, पुलाखालची झुडपं, भंगारवाल्यांची दुकानं बघायला सांगितली. माझा अनुभव असा होता की चोर बॅग उघडतो, कामाचं काढून घेतो आणि बाकीचं जवळपास फेकून देतो. तसं झालं असेल तर कलश मिळेल, अशी मला आशा होती.

दिवस कलला तरी काही सापडलं नाही. वृद्ध ठाण्यातून हलायला तयार नव्हता. शेवटी सून म्हणाली, "मामा, आपण काच तरी बसवून आणू. रात्री गाडी अशी उघडी कशी ठेवायची?" सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मीही म्हटलं, पंचनामा झाला आहे, काच बदलून घ्यायला हरकत नाही. ती दोघं गेली आणि नंतर मुलाच्या नाशिकच्या खोलीवर मुक्कामाला राहिली.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. घाटाजवळ फुलं विकणाऱ्या एका बाईने आमच्या हवालदाराला बाजूला बोलावलं. ती पूर्वी आमच्याशी कधी बोललेली नव्हती.

"माझं नाव कुठं यायला नको," ती म्हणाली. "पण अस्थी चोरायच्या म्हणजे लय झालं. इथं एक माणूस हाय, गाड्यांपाशी फिरतो. काच फुटायच्या आधी तो असतो अन् फुटल्यावरबी असतो. मग रडणाऱ्या लोकांना गॅरेजचं कार्ड देतो."

हवालदाराने हे सांगितलं तेव्हा मी मागच्या काही महिन्यांच्या तक्रारी काढून वाचल्या. काच फुटल्याच्या बऱ्याच होत्या, आणि चोरी झालेला माल बहुतेक वेळा किरकोळ. शाल, छत्री, फळांची पिशवी. काच फोडण्याची जोखीम घेऊन कुणी छत्री नेत नाही. मी सुनेला फोन लावला. "काच कुठे बसवली?"

"पार्किंगमध्ये एकाने कार्ड दिलं होतं, तिथेच," ती म्हणाली. "माणूस फार चांगला होता, साहेब. पैसेच घेतले नाहीत."

मी तिला सगळं सविस्तर विचारलं. तिने सांगितलं ते असं. गॅरेजवाला पन्नाशीकडे झुकलेला, घोटीकडचा, गरीब स्वभावाचा. आधी भराभर काम करत होता. मध्येच सासऱ्यांनी त्याला विचारलं, तुमच्या घाटावर ओळखीचं कुणी आहे का, आमच्या मुलाच्या अस्थी गेल्या. ते ऐकून तो थांबला. बसवायला घेतलेली नवी काच त्याने परत खाली ठेवली. दाराचं आतलं आवरण पुन्हा पूर्ण उतरवलं, आतल्या पोकळीतले काचेचे दाणे काढले, खाचेतलं रबर पुसलं, सीटच्या फटीतले दाणेसुद्धा एकेक वेचले. मग काच बसवली, कितीदा तरी वर-खाली करून पाहिली. पाणी मारून पाहिलं. संध्याकाळ झाली तरी त्याचं समाधान होईना. निघताना त्याने सासऱ्यांच्या पायाला हात लावला.

फोन ठेवल्यावर मी त्या तक्रारी पुन्हा एकदा चाळल्या. मग त्या गॅरेजवाल्याला चौकशीला आणायला माणसं पाठवली.

चौकशी म्हटली की लोकांना दरडावणं आणि टेबलावर आपटलेली काठी आठवते. काही आरोपींना बोलतं करायला वेळ लागतो हे खरं. पण काही माणसं येतानाच सगळं ओझं घेऊन आलेली असतात. त्यांना फक्त ठेवायला जागा लागते. हा माणूस खुर्चीवर बसताना अंग चोरून बसला. मी चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही. मी कार्डाचं विचारलं नाही, कार्ड देणाऱ्या माणसाचं विचारलं नाही. मी म्हटलं, "त्या नामपूरच्या गाडीचं काम इतकं निगुतीनं का केलंत?"

 तो म्हणाला, "दरवाजात तुकडे ऱ्हायले का वाजत्यात, साहेब. दार लावलं का खळ्ळकन. खड्डा आला तरी वाजत्यात. त्या पोरीला नामपूरपातुर ते ऐकत जावं लागलं असतं."

एवढं बोलून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. मोठं दुकान शेजारी आल्यापासून त्याचा धंदा बसला होता. घाटावर फिरणारा तो माणूस त्याच्या बायकोचा भाऊ. कल्पना त्या मेव्हण्याची. बाहेरगावची गाडी बघायची, काच फोडायची, चोरी वाटावी म्हणून हाताला लागेल ते उचलायचं आणि थोड्या वेळाने भला माणूस होऊन कार्ड द्यायचं.

"मी सोताला म्हनायचो, कुणाला लागत नाय, मरत नाय. संध्याकाळपातुर काच बसती, मानूस घरी जातो. काम मी चोख करतो. मग पाप कसलं?" तो म्हणाला. "अन् त्या बाबांनी सांगितलं. माझ्या हातात त्यांचीच काच व्हती."

"सॅक कुठे आहे?"

मेव्हण्याने सॅक खोलीवर नेऊन उघडली होती. लाल कापडात बांधलेला कलश पाहून तो घाबरला आणि सॅकसकट सगळं रस्त्यावर आलेल्या घंटागाडीत टाकून मोकळा झाला. गॅरेजवाल्याला हे त्याच संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो शहराबाहेरच्या कचरा डेपोवर गेला होता. रात्रीतून आलेल्या गाड्या कुठे रिकाम्या झाल्या ते विचारत, हातांनी ढीग उपसत राहिला. सॅक फाटलेली मिळाली. जरा पुढे कलश मिळाला, झाकण उडालेला. लाल कापड त्याच्या गळ्याला तसंच अडकलेलं होतं.

आम्ही पंचांसमक्ष त्याच्या गॅरेजमधून तो कलश जप्त केला. त्याने तो धुवून, पुसून, नव्या टॉवेलात गुंडाळून उंच फळीवर ठेवला होता. कापड मात्र धुतलं नव्हतं. त्याच्या घड्यांत राखेची करडी पूड दिसत होती. मेव्हण्यालाही दुपारी अटक झाली. तो शेवटपर्यंत म्हणत होता, "मला काय माहीत, साहेब? सॅक लॅपटॉपची होती."

पोलिसाच्या कामात गुन्हा उघड झाला की ठाण्यात एक मोकळेपणा येतो. माणसं मोठ्याने बोलतात, कुणीतरी भजी मागवतं. त्या दिवशी तसं काही झालं नाही. फिर्यादीला बोलावून सांगायचं काम माझं होतं.

वृद्ध आला तो घाईने आला. मुद्देमाल सापडला एवढंच त्याला फोनवर कळलं होतं. टेबलावरचा कलश पाहून त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी विसरू शकलेलो नाही. त्याने कलश दोन्ही हातांनी उचलला. सगळं आयुष्य मापं करण्यात गेलेला माणूस. वजन त्याच्या हाताला लगेच कळलं. त्याने आत डोकावूनही पाहिलं नाही.

"रिकामा शे," तो म्हणाला.

मी घडलं ते सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. सून भिंतीला टेकून उभी होती. वृद्धाने ऐकून घेतलं, कलश परत टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ती जागा दाखवा मला."

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. तिथे ढीगच्या ढीग आहेत, यंत्रं चालू असतात, आता काही सापडणार नाही. तो म्हणाला, "शोधायला नाही जात मी. त्याला तिथं एकट्याला टाकून घरी कसा जाऊ?"

 मी माझ्या गाडीत दोघांना बसवलं. वाटेत त्याने घाटाजवळ थांबायला सांगितलं. तांब्याभर गोदेचं पाणी घेतलं, थोडे तीळ घेतले. फुलवालीकडून झेंडू घ्यायला सून उतरली. ज्या बाईने आम्हाला खबर दिली होती, तीच ती. समोरची कोण आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

डेपोवर गॅरेजवाल्याने सांगितलेली जागा एका कामगाराने दाखवली. ऊन अजून तापलेलं होतं, वास असा की उभं राहवत नव्हतं. शेजारी कचरा ढकलणारं यंत्र धडधडत होतं. वृद्धाने वहाणा काढल्या आणि त्या घाणीत अनवाणी पुढे गेला. त्याला तसं जाताना पाहून यंत्र चालवणाऱ्याने आपणहून यंत्र बंद केलं. कामगार बायका हातातली कामं टाकून उभ्या राहिल्या. वृद्ध दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला. मंत्र सांगायला कुणी नव्हतं. त्याने मुलाचं नाव घेतलं, मग आपल्या बापाचं, आज्याचं नाव घेतलं आणि ओंजळीतून तीळ-पाणी सोडलं.

सून माझ्या शेजारी उभी होती. तोवर ती रडलेली मी पाहिली नव्हती.

"गाडीत बिस्किटाचा कण सांडला तरी त्यांना चालायचं नाही," ती म्हणाली. "दर रविवारी स्वतः पुसायचे." आणि मग ती खाली बसली.

पुढे न्यायालयाच्या आदेशाने कलश आणि कापड त्यांना परत मिळालं. मी अर्ज लवकर पुढे जाईल एवढं पाहिलं. तीर्थोपाध्यायांनी सांगितलं, वस्त्राला लागलं आहे तेवढं पुरे, आणि वृद्धाने ते लाल कापड रामकुंडात सोडलं. कलश परत मिळाला त्या दिवशी न्यायालयाच्या आवारात गॅरेजवाल्याने वृद्धासमोर हात जोडले होते. वृद्ध म्हणाला, "मला माफ करता येणार नाही, भाऊ. तुम्ही शोधायला गेलात, ते मला कळलं. पण माफ करता येणार नाही." त्या आवाजात राग नव्हता. गॅरेजवाल्याने मान हलवली. दोघांनाही ते पटलेलं दिसलं.

निवृत्तीनंतर लोक मला मोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. खून, दरोडे. मला त्या कामांनी तपास शिकवला. या चोरीने मात्र माणसाबद्दल एक गोष्ट शिकवली. गुन्हा करणारा आधी आपल्या मनाशी ठरवतो की नुकसान किती होणार आहे. काचेइतकंच, छत्रीइतकंच, भरून निघण्याइतकंच. ते ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, कारण समोरचा माणूस काय घेऊन चालला आहे हे त्याला कधीच माहीत नसतं. तो घोटीचा गृहस्थ वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. वाईट नसलेल्या माणसाच्या हातून एवढं घडू शकतं, याचंच मला अधिक भय वाटतं.

त्या डेपोवरून परतताना वृद्ध माझ्या गाडीत मागे बसला होता. पाय चिखलाने भरलेले होते. पाणी देऊ का, असं मी विचारलं.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "घरी जाऊन धुईन."