वीस अक्षरांचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून ज्या टायपिस्टला चोर ठरवून काढलं, तो निर्दोष होता, आणि त्याला काढण्याआधीच ते मला कळलं होतं.

कॉम्प्युटर तेव्हा नुकते यार्डात पोचत होते. मालाच्या नोंदीचा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहून दिला होता. आधी लॉरीचा नंबर टाइप करायचा, मग व्यापाऱ्याचं नाव. काही दिवसांनी छापील यादीत नंबराची जागा कोरी यायला लागली. तीही एकाच व्यापाऱ्याच्या मालापुढे. तो संत्र्यांचा व्यापारी अमरावतीकडचा, आणि टायपिस्टही तिकडचाच. नंबर नसला की कोणत्या लॉरीचं भाडं ते कळत नाही; दोघं संगनमताने भाडं बुडवतात, असं मानायला मालकांना एवढं पुरलं.

"तुमचा कॉम्प्युटर बरा एकाच माणसावर रुसतो," ते मला म्हणाले. "का कुणाचा हात फिरतोय त्यावरून?"

संशय मलाही आला. खोटं कशाला बोलू. टायपिस्टच्या मागे खुर्ची टाकून मी त्याची बोटं बघत बसलो. मागे न वळताच तो म्हणाला, "पहारा देऊन राह्यले का जी, साहेब? मी नंबर काहून पुसीन? मले त्यात काय भेटते?"

त्याने नंबर नीट टाकला. त्याच व्यापाऱ्याचं नाव टाकलं. यादी छापली, तर नंबर गायब. बोटांनी काहीच केलं नव्हतं. मी नावाची इंग्रजी अक्षरं मोजली. बरोबर वीस. बाकी सगळ्यांची नावं त्याहून आखूड.

नावाला मी मेमरीत वीसच घरं ठेवली होती, आणि टाइप केलेली ओळ वाचायला 'गेट्स' नावाचं सी भाषेतलं तयार फंक्शन वापरलं होतं. ते जागा किती आहे हे विचारतच नाही, येईल तेवढं ओततं आणि शेवटी ओळ संपल्याची खूण ठेवतं. वीस घरं भरली की ती खूण शेजारी, लॉरीच्या नंबराच्या पहिल्याच अक्षरावर पडायची, आणि नंबर सुरू होण्याआधीच संपायचा. क्लासातल्या सरांनी बजावलं होतं, "अहो, एफगेट्स वापरा, त्याला माप सांगता येतं." मी आळस केला. तपासताना माझंच नाव टाकायचो. ते चौदा अक्षरांत बसतं.

मालक दारात आले. "काय, सापडलं का?"

"प्रोग्रॅम बरोबर आहे," मी म्हणालो. त्यांच्या ओळखीने मला एका मोठ्या कंपनीत शिरायचं होतं.

टायपिस्टने माझ्याकडे पाहिलं आणि पुढची नोंद टाइप करायला घेतली. त्याच दुपारी त्याला काढलं.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप 'एफगेट्स' घातलं, मापाबाहेरची अक्षरं टाकून द्यायची सोय केली. त्या व्यापाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षर गळायला लागलं, ते कुणाला खटकलं नाही. नंबर मात्र नीट छापले जाऊ लागले.

"बघा," मालक म्हणाले, "माणूस गेला, रोग गेला."

मी मान हलवली. ते मान हलवणं मला त्या खोट्यापेक्षाही जास्त टोचतं.

पुढे यार्डात त्याला कुणी कामावर ठेवलं नाही, एवढं हमालांकडून कळलं. आता तो कुठे असतो, माहीत नाही; शोधलं असतं तर कळलं असतं. मालक अजून आहेत. त्यांच्यासमोर, त्याच्या देखत, चूक माझी होती हे सांगायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो.