तेलाचा एक थेंब

मामांचा तेलावर फार विश्वास. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस दुसऱ्या कशावर ठेवणार? कडी कुरकुरली, की थेंब. शिवणयंत्र अडलं, की थेंब. "माझ्या गुडघ्यात तेवढं सोडू नका," असं मामी म्हणायच्या. लोक घड्याळं आणेनासे झाले, तेव्हा मामा साठी उलटल्यावर कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करायला शिकले. त्याचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो लपवायची कला काही ते शिकले नव्हते.

त्या दुपारी भाची दुकानात आली ती रडवेल्या तोंडानंच. उद्या पोहण्याच्या स्पर्धेचे फोटो काढायचे, आयुष्यातलं पहिलं काम, आणि तिची एकुलती एक लांब लेन्स फोकस घेताना मध्येच अडकत होती.

"मामा, सकाळी आठला लागेल. होईल ना?"

"न व्हायला काय झालं?" मामांनी भिंग डोळ्याला लावलंसुद्धा.

आजवर त्यांनी उघडलेल्या लेन्समध्ये चिमुकली मोटर आणि दातेरी चाकं असत, म्हणजे घड्याळाची चुलत भावंडंच. इथे मात्र एकमेकींवर दाबून बसवलेल्या दोन रुंद कड्या निघाल्या. मधे वाळूचा कण. तो चिमट्यानं उचलला, आणि काम तिथेच संपलं होतं. पण जित्याची खोड! बोटं आपसूक कुपीकडे गेली आणि कड्यांमध्ये एक थेंब पडला.

लेन्स जोडली. आधी ती अडखळत का होईना, चालत होती. आता जागची हलेना.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. भाचीनं फोनवर त्या मोटरची माहिती शोधून मोठ्यानं वाचली. खालच्या कडीला चिनी मातीसारखी एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. वीज मिळाली की ती इतक्या वेगानं थरथरते, की कानाला कळतही नाही. त्या थरथरीची लाट कडीभर फिरते आणि वर दाबून बसलेल्या कडीला कणाकणानं ढकलत नेते. चाक नाही, दाता नाही, नुसती पकड. शेवटी लिहिलं होतं, दोन्ही कड्या कोरड्या ठेवा.

"मी तेल घातलं गं," मामा म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात दाखवून अवलक्षण!" दुकानातच बसलेल्या मामी म्हणाल्या, आणि उठून त्यांनीच स्पिरिटची बाटली पुढे केली.

मामांनी पुन्हा सगळं सोडवलं. दोन्ही कड्या पुसल्या, परत पुसल्या. पाचव्यांदा फडक्यावर डाग उठला नाही, तेव्हा कुठे जोडणी केली. लेन्स कॅमेऱ्यावर चढवून भाचीनं बटण दाबलं. मामांनी लेन्सला कान लावला. चिडीचूप. त्यांचा चेहरा उतरला.

"गेली बिचारी."

"मामा, कान काढ, काही दिसत नाहीये! आवाज नसतोच हिला!" भाची खिदळत कॅमेरा फिरवत होती. "रस्त्यावरची सायकल धरली! मामीचं नाक धरलं! मामा, पळतेय रे!"

मामी नाकावर पदर धरून हसत सुटल्या.

"चाळीस वर्षं टिकटिक ऐकली की काम जमलं म्हणायचो," मामा म्हणाले. "आता काय ऐकून कळायचं?"

भाचीनं कॅमेरा खाली घेतला. तिचे गाल लाल झाले होते आणि हसू आवरत नव्हतं. मामा तिच्याकडे बघत राहिले.

"कळलं," ते म्हणाले.