तो शेवटचा नीट कधी बोलला?

“हा स्ट्रोक आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी एक नस गुठळीने बंद झालीय. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत नाही, ही चांगली गोष्ट. आता मला एकच सांगा. ते शेवटचे अगदी नीट कधी होते? अंदाज नको, वेळ हवी.”

पनवेलच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी उभी होते. समोरच्या घड्याळात पावणेनऊ वाजले होते. पडद्यापलीकडे माझा नवरा विलास स्ट्रेचरवर होता. त्याच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळल्यासारखी दिसत होती. शेजारी माझी मुलगी श्रुती माझं मनगट घट्ट धरून उभी होती.

शेवटचा नीट कधी होता? आम्ही तर सगळी संध्याकाळ एकाच खोलीत, टीव्हीसमोर होतो.

नाताळची सुट्टी होती. विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या सासूबाई, श्रुती आणि उरणहून सुट्टीला आलेली नणंदेची नऊ वर्षांची तन्वी, अशी सगळी जमलेली. विलास द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात आहे. त्यालाही त्या दिवशी रजा होती. टीव्हीवरून भांडणं नकोत म्हणून दुपारी त्याने वाटणी करून टाकली. चार वाजता श्रुतीची केकची स्पर्धा. मग तन्वीचा बोलणाऱ्या अस्वलांचा सिनेमा. सहा वाजता मला आवडतं म्हणून चर्चमधलं समूहगान. सातला सासूबाईंची मालिका. साडेसातला त्याचा स्वतःचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम.

प्रश्नमंजूषेत समोरचा स्पर्धक तोंड उघडायच्या आत उत्तर देणं हा विलासचा छंद. त्या दिवशी पहिले तीन प्रश्न तो गप्प होता. मला वाटलं, दमला असेल. चौथा प्रश्न सोपा होता. सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता?

“कंटेनर,” विलास म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. सुट्टीच्या दिवशीही याच्या डोक्यातून यार्ड जात नाही, असं काहीतरी मी म्हणालेसुद्धा. तो पुन्हा म्हणाला, “कंटेनर.” मग तिसऱ्यांदा, जरा ओरडून. मी वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. आपण भलतंच बोलतोय हे त्याला कळत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. तसे घाबरलेले डोळे मी तेवीस वर्षांच्या संसारात त्याचे कधी पाहिले नव्हते.

श्रुती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “बाबा, दोन्ही हात वर करा.” डावा वर गेला. उजवा मांडीवरून जेमतेम उचलला गेला आणि परत पडला.

“वारं गेलं गो अंगावरनं,” सासूबाई म्हणाल्या आणि साखरपाणी करायला धावल्या. श्रुतीने त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. “आजी, काही पाजू नकोस, गिळता नाही आलं तर श्वासनलिकेत जाईल.” हे तिला कॉलेजातल्या एका शिबिरात शिकवलं होतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

शेजारच्या म्हात्रेकाकांनी गाडी काढली. सुट्टीमुळे हायवेवर कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. पंधरा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. विलासचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तो माझ्या कानाशी काहीतरी सांगत होता आणि त्यातला एक शब्दही शब्द नव्हता.

आणि आता डॉक्टर वेळ विचारत होत्या.

“लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत असाल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. त्याला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. पण उशीर झाला असेल तर त्याच इंजेक्शनाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून विचारतेय.”

मी ‘साडेसात’ म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मला कप आठवला.

केकची स्पर्धा चालू असताना, चार-सव्वाचारला, विलासच्या हातातून चहाचा कप पडून फुटला होता. मी स्वयंपाकघरात होते. आवाज ऐकला, काच सांभाळा म्हणून ओरडले आणि कामाला लागले. तीच सुरुवात असेल तर? तर साडेचार तास होऊन गेले होते.

खरं सांगते. क्षणभर मनात आलं की कपाचं बोलूच नये. साडेसात म्हणावं. इंजेक्शन मिळेल, तो बोलायला लागेल. कुणाला कळणार होतं? पण मग मला दिसलं की इंजेक्शन चालू आहे आणि त्याच्या डोक्यात रक्त पसरतंय, माझ्या एका शब्दामुळे. बोलले तर उपचार जाणार होता, गप्प बसले तर कदाचित तोच जाणार होता.

“चारच्या सुमारास हातातून कप पडला होता,” मी म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. “उजव्या हातातून? हात ढिला पडला की कप नुसता निसटला? त्यानंतर त्या हाताने त्यांनी काही केलं?”

मी स्वयंपाकघरातून काही पाहिलं नव्हतं. श्रुती तेव्हा गच्चीवर कपडे काढायला गेली होती. तिने घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आजी,” डॉक्टर म्हणाल्या, “कप पडल्यावर विलास काय करत होते?”

“माज्या पोराला काय झालं, ते सांग आदी,” सासूबाई रडत होत्या.

“तेच बघतोय. तुम्ही आठवून सांगा. कप कोणी उचलला?”

“त्यानीच. काचा येचल्या, फडक्यानी लादी पुसली. पिळून पन टाकलं फडकं.”

“पिळलं? दोन्ही हातांनी?”

“मंग एका हातानी कसं पिळनार?”

श्रुतीच्या तोंडून हुंदका आला. डॉक्टर मात्र थांबल्या नाहीत. “बरं. नंतर ते शेवटचं नीट कधी बोलले?”

“घड्याल नाय बगितलं मी. माजी मालिका लागली तवा. रिमोट दिला नि बोलला, आये, आता तुजं राज्य.”

“जीभ अडखळली नाही?”

“नाय गो. साफ बोलला. मंग मालिकेत आमी कोनीच बोलत नाय.”

“रिमोट कोणत्या हाताने दिला?”

तिकडे सासूबाई तन्वीला विचारू लागल्या. मी डोळे मिटले. मग तन्वीचा बारीक आवाज आला. “उजव्या. डाव्या हाताने मामा माझा चिवडा पळवत होता.”

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, सात वाजता. “म्हणजे दोन तासही झाले नाहीत. देऊया. इथे सही करा. धोका आहे, पण न दिल्याचा धोका मला जास्त वाटतो.”

मी सही केली. नऊच्या ठोक्याला इंजेक्शन सुरू झालं.

पुढचा दिवस कसा गेला हे मला सलग आठवत नाही. आयसीयूत त्याचं ब्लडप्रेशर पुन्हा पुन्हा मोजत होते. दार उघडलं की मला वाटायचं, आता मलाच बोलावणार. आपण सही करून नवऱ्याला मारलं, असा विचार मी किती वेळा केला असेल! चोवीस तासांनी पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता चपलांकडे बघत होते. “रक्तस्राव नाही,” त्या म्हणाल्या. मी तिथेच जमिनीवर बसले.

हात लवकर सुधारला. बोलणं नाही. याला अफेजिया म्हणतात. बुद्धी शाबूत असते, समोरच्याचं बरंचसं कळतं, पण हवा तो शब्द ओठांवर येत नाही, भलताच येतो. दुसऱ्या दिवशी त्याने मला “शनिवार” म्हणून हाक मारली आणि चूक कळून तो रडला. सहा दिवसांनी घरी सोडलं.

कारण आम्हाला माहीत होतं. ब्लडप्रेशरची गोळी त्याने दिवाळीनंतर बंद केली होती. बरं वाटतंय म्हणाला. मी बघितलं होतं आणि बोलले नव्हते. ते मला अजून टोचतं.

तुमच्या घरात कुणाचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात खाली पडला, बोलणं भरकटलं, तर हसू नका आणि थांबू नका. काही पाजू नका. शेवटचं नीट कधी बोलले ती वेळ आठवून ठेवा आणि स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलातच न्या. आणि डॉक्टरांना सगळं सांगा, अडचणीचं असलं तरी.

भीती गेलेली नाही. त्याला बाथरूममध्ये जरा वेळ लागला की मी दार वाजवते. सकाळी तो उठला की “बोल काहीतरी” म्हणते. तो वैतागतो. वैतागलेलं ऐकलं की मला बरं वाटतं.

मार्चमध्ये तो पहिल्यांदा स्वतः बाजारात मासळी घ्यायला निघाला. मी मागोमाग गेले, दोन पावलं अंतर ठेवून. कोळीण ओळखीची होती. “काय देवू, भाऊ?” तिने विचारलं. विलासने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. मागे दोन बायका उभ्या होत्या. मला दिसत होतं त्याला काय हवंय ते. माझ्या जिभेवर शब्द तयार होता. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, त्याची वाक्यं तुम्ही पुरी करू नका. मी पिशवीचे बंद मुठीत आवळून धरले.

कोळणीने बोट दाखवून काही सुचवलं नाही. मासे पुढे सरकवले नाहीत. पाण्याचा हात लुगड्याला पुसला आणि त्याच्याकडे बघत बसली. “सावकाश सांग,” म्हणाली. “मना काय घाई नाय.”

मागच्या बायकांनी हातातल्या पिशव्या खाली टेकवल्या.

“बों,” विलास म्हणाला. घाम फुटला होता त्याला. “बों... बोंबील.”

“सुके का ओले?”

तो माझ्याकडे वळला, आणि कितीतरी दिवसांनी हसला. “ओले,” तो म्हणाला.