लेथला ताप येतो म्हणणारे अण्णा

यंत्राला ताप येतो असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या बेंगळुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्याच कारखान्यात होता. यशवंतपूरला पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ घासाघीस करून आणून मी धंदा सुरू केला, तेव्हाचे हे माझे पहिले कामगार. वयाने मोठे म्हणून मी त्यांना अण्णा म्हणे. ते मला मात्र मालक म्हणत नसत. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ‘तम्मा’ म्हणत, तेही गिऱ्हाइकांसमोर. तासातासाला बेअरिंगवर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "स्वल्प कणकण आहे. निजू दे तिला." दसऱ्यातल्या आयुधपूजेला तर दोन दिवस रॉकेलने लेथची आंघोळ चाले. एकदा मी घाईत तेलकट जागी कुंकू लावलं, तर सगळ्यांदेखत ओरडले, "अरे तम्मा, पारोशा नवरीला कुंकू लावतोस?" आणि पुसून पुन्हा लावायला लावलं.

एके दिवशी मोठं गिऱ्हाईक माल न्यायला दारात उभं असताना त्यांनी लेथ बंद केला. "घाई तुला आहे तम्मा, तिला नाही." गिऱ्हाईक हसलं. माझं डोकं फिरलं. "उद्यापासून येऊ नका!" म्हणालो. नोटीस नाही, चौकशी नाही. त्यांनी घरी येऊन चार शिव्या घातल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी परत घेतलं असतं. ते सरळ युनियनकडे गेले, हा राग माझ्या मनात अजून आहे.

युनियनने प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणात नेलं, आणि त्याने त्यांना कामावर परत घ्या म्हटलं. मी हट्टाने हायकोर्टात गेलो. माझ्या वकिलांचं म्हणणं, फार तर भरपाई द्यायला सांगा. नको असलेला माणूस मालकाच्या गळ्यात बांधायचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. तारखा पडत राहिल्या. व्हरांड्यात मी अण्णांना गाठून म्हटलं, "आकडा सांगा, बाहेर मिटवू." ते म्हणाले, "मी काय भाजी विकायला बसलोय? मला माझा लेथ पाहिजे." मग हळूच, "बेअरिंगला तेल घालतात ना रे?" वकील डोळे वटारत, "विरुद्ध पक्षाशी बोलू नका." मी तणतणत निघे आणि कारखान्यात पोचल्यावर आधी तेल बघे.

हायकोर्टाने सांगितलं, न्यायाधिकरणाला तो अधिकार आहे; आम्ही हात घालणार नाही. मी हरलो, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप चांगली लागली.

अण्णा परत आले. वेळेवर येत, काही सांगितलं की कानडीत ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणत आणि तेवढंच करत. बेअरिंगवर हात ठेवत नसत. लेथला पुन्हा कधी ताप आला नाही. आला असेल तर मला कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला मी मुद्दाम तेलाने माखलेली जागा शोधून तिथंच कुंकू लावलं आणि त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. त्यांनी पाहिलं. ओठ जरा हलले. मी वाट पाहिली.

"सरी, मालक," म्हणाले, आणि फडक्याला हात पुसत राहिले.